टर्बो, खारा वारा आणि एक तुटलेला स्टड

तर झालं असं, की गेल्या पावसाळ्याच्या शेवटी आईने फोनवर जाहीर केलं, "मी आता त्या गाडीत बसणार नाही. अलिबागला एसटीने जाईन."

'ती गाडी' म्हणजे बाबांची १९९९ सालची टर्बो डिझेल. नंबर एमएच-०६, म्हणजे पेणच्या आरटीओची. बाबा जाऊन आठ वर्षं झाली, पण गाडी चौलच्या घरी, पडवीशेजारच्या झापांच्या मांडवाखाली अजून उभी असते. मी पुण्यात कोड पाडतो आणि जमेल त्या वीकांताला गावी जातो. महिन्यातून एका शनिवारी आईला अलिबागला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं, एवढंच त्या गाडीला आता काम. (कंपनीचं आणि मॉडेलचं नाव मुद्दामच लिहीत नाही. जे झालं त्यात दोष कंपनीचा नाही. पंचवीस वर्षांचा आणि समुद्राचा आहे.)

आईची तक्रार अशी, की गाडीत बसलं की दहा मिनिटांत डोकं धरतं, डोळे चुरचुरतात, मळमळतं. मी म्हटलं वय झालं, पित्त असेल, गाडी लागत असेल. आपल्याला स्वतःला त्रास होत नसला की दुसऱ्याच्या त्रासाला 'वय' हे उत्तर फार चटकन सापडतं... असो.

गाडीच्या बाकीच्या तक्रारी मला माहीत होत्या. सकाळी पहिल्यांदा चालू केली की बॉनेटखालून टिक-टिक-टिक असा आवाज यायचा आणि इंजिन तापलं की गायब व्हायचा. आणि २०२४ साली नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पेणला नेली तेव्हा कार्ले खिंडीत तिने चक्क मान टाकली होती. पॅडल दाबलं की मागे काळा धूर, पुढे ओढ काही नाही. शहरातल्या एका वर्कशॉपला दाखवली. त्यांनी पाच मिनिटांत निकाल दिला: "टर्बो गेला. नवीन टाकायचा तर पस्तीस हजार. नाहीतर सर, खरं सांगू का, भंगारात काढा."

भंगाराचा सल्ला अगदीच चुकीचा होता असं नाही. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल २०२२ मध्ये मोटारीसाठी त्याची केंद्राची फीच ६०० वरून ५,००० रुपये झाली होती. शिवाय पर्यावरण कर वेगळा. म्हणजे सरकारही आडून आडून तेच सांगतंय. पण आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे. बग समजल्याशिवाय कोड बदलायचा नाही. 'टर्बो गेला' हे निदान झालं का? म्हणजे नक्की काय गेलं? म्हणून आधी टर्बो ही भानगड काय, कुठून आली, हे वाचत बसलो. आणि वाचता वाचता तो शेवटी आमच्याच किनाऱ्यावर येऊन पोचला, म्हणून हा लेख.

फुकट जाणाऱ्या धुराची गोष्ट

इंजिनात जे इंधन जळतं त्याच्या ऊर्जेतला ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकांकडे जातो, एक तृतीयांश पाण्यातून-रेडिएटरमधून उडून जातो आणि उरलेला जवळजवळ तेवढाच सायलेन्सरमधून गरम धुराच्या रूपाने बाहेर पडतो. म्हणजे पंपावर आपण जे पैसे देतो त्यातल्या प्रत्येक शंभरातले तीसेक रुपये सरळ हवेत.

आल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस अभियंत्याला हे बघवलं नाही. हा विंटरटूरचा माणूस. वय वर्षं २६. १६ नोव्हेंबर १९०५ रोजी त्याने जर्मनीत पेटंट घेतलं, ज्यातून पुढे टर्बोचार्जर जन्माला आला. कल्पना अशी: बाहेर जाणाऱ्या धुराच्या वाटेत एक छोटं पंख्यासारखं चाक ठेवायचं. धुराने ते फिरेल. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरं चाक, ते बाहेरची हवा ओढून दाबून इंजिनात कोंबेल. जास्त हवा म्हणजे जास्त इंधन नीट जाळता येणार, म्हणजे तेवढ्याच आकाराच्या इंजिनातून जास्त ताकद. धूर तर फुकटच जात होता!

कल्पना सोपी, पण करून बघायला गेल्यावर दमछाक. धातू त्या उष्णतेत टिकेनात, दांडा धड फिरेना. ब्युखी पुढे सुल्झर कंपनीत प्रयोग करत राहिला आणि पेटंटनंतर तब्बल वीस वर्षांनी, १९२५ साली, इंजिनाची ताकद ४० टक्क्यांनी वाढवून दाखवणं त्याला जमलं. (आपल्याकडे एखादं फीचर वीस दिवस लांबलं तर मॅनेजर श्वास घेऊ देत नाही :)

दरम्यान पहिल्या महायुद्धात विमानवाल्यांना याची निकड भासली. उंचावर हवा विरळ, त्यामुळे इंजिन धापा टाकतं. फ्रान्समध्ये ऑगस्त रातो याने विमानाच्या इंजिनावर धुराचं चाक बसवलं. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकचा सॅनफोर्ड मॉस १९१८ च्या उन्हाळ्यात लिबर्टी जातीचं विमानाचं इंजिन ट्रकवर लादून कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या १४ हजार फुटांच्या डोंगरावर घेऊन गेला. खाली ३५० अश्वशक्ती देणारं इंजिन वर २३० वर आलं. टर्बो जोडला, तर ३५६! पुढे दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन बॉम्बर विमानांत हेच टर्बो होते. १९४४ साली खरगपूरच्या परिसरातल्या धावपट्ट्यांवरून उडणाऱ्या बी-२९ विमानांना चार इंजिनं आणि प्रत्येक इंजिनाला दोन टर्बो होते. म्हणजे हिंदुस्थानच्या आकाशात टर्बो माझ्या बाबांच्या जन्माआधीच फिरून गेला.

पण टर्बोचं खरं माहेर समुद्र. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'प्रॉयसेन' आणि 'हान्झेश्टाट डान्झिग' या दोन जर्मन प्रवासी बोटींच्या दहा सिलिंडरच्या डिझेल इंजिनांवर ब्युखीच्या पद्धतीचे टर्बो बसले आणि इंजिनाची ताकद १,७५० वरून २,५०० अश्वशक्ती झाली. १९५२ साली 'डोर्थे मर्स्क' या डॅनिश बोटीने टू-स्ट्रोक डिझेलवरही हे जमतं हे दाखवलं. त्यानंतर मोठ्या मालवाहू बोटींत टर्बो ही नित्याची गोष्ट झाली.

मोटारी यात फार उशिरा आल्या. १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअरची एक आवृत्ती, अशा दोन टर्बो पेट्रोल गाड्या आल्या. जेटफायरला तर इंजिन ठोकू नये म्हणून पाणी आणि मेथॅनॉलचं मिश्रण वेगळ्या टाकीत भरावं लागे. लोक भरायला विसरत, गाडी रुसे. बीएमडब्ल्यूची २००२ टर्बो आली १९७३ साली, म्हणजे नेमकी तेलटंचाईच्या तोंडावर. रेनोने १९७७ साली टर्बो फॉर्म्युला वनमध्ये आणला तेव्हा ती गाडी इतक्या वेळा वाफा सोडत थांबायची, की तिला 'पिवळी किटली' म्हणायचे. दोन वर्षांनी रेनोच्याच टर्बो गाडीने फ्रान्समध्ये शर्यत जिंकली! पेट्रोलच्या या सगळ्या नखऱ्यांपुढे डिझेल मात्र टर्बोशी शांतपणे संसाराला लागलं. १९७८ साली मर्सिडीजची ३०० एसडी आली आणि टर्बो डिझेल मोटार हा प्रकार रुळला.

टर्बो रायगडात

आता आमच्याकडे. मला आधी वाटायचं, आमच्या भागात टर्बो आला तो बाबांच्या गाडीसारख्या गाड्यांबरोबर. साफ चूक. तो लहानपणी रोज डोळ्यांसमोरून जायचा.

रोह्याला मामाकडे गेलो की आम्ही पोरं स्टेशनावर जायचो. डिझेल इंजिन गाडी घेऊन निघताना एकदम काळाकुट्ट धूर सोडायचं आणि मग हळूहळू धूर पांढुरका होत नाहीसा व्हायचा. आम्हाला वाटायचं, ड्रायव्हर मुद्दाम सोडतो. ती इंजिनं अमेरिकेच्या आल्को कंपनीच्या घराण्यातली. डब्ल्यूडीएम-२ हे त्यातलं सगळ्यात ओळखीचं नाव. पहिली १९६२ साली अमेरिकेतून आली, १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात बनू लागली. १६ सिलिंडर, २,६०० अश्वशक्ती आणि डोक्यावर टर्बो. काळा धूर का? तर ड्रायव्हरने खटका वाढवला की इंधन ताबडतोब वाढतं, पण टर्बोच्या चाकाला वेग घ्यायला वेळ लागतो. तेवढा वेळ हवा कमी आणि डिझेल जास्त. अर्धवट जळलेलं डिझेल म्हणजे काजळी. टर्बोने वेग घेतला की हवा पुरते आणि धूर थांबतो. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण पूर्ण होऊन २०२२ च्या जूनमध्ये त्याचं लोकार्पण झालं, त्यामुळे आता रोह्याची पोरं त्या धुराला बहुधा मुकलीच.

हा धुराचा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.

मोटारींत टर्बो आला तो पुण्यातून. टेल्कोने (२००३ पासून टाटा मोटर्स) १९९१ साली सिएरा आणली, १९९४ साली सुमो. सुमो हे नाव सुमंत मुळगावकरांच्या नावावरून, हे बऱ्याच मंडळींना ठाऊक असेल. या गाड्यांतलं दोन लिटरचं डिझेल इंजिन टर्बोशिवाय ६५ च्या आसपास अश्वशक्ती द्यायचं. एवढ्या जड गाडीला ती अपुरीच. १९९७-९८ च्या सुमाराला सिएराची टर्बो आवृत्ती आणि मग सफारी आली तेव्हा त्याच आकाराचं इंजिन ९० च्या घरात गेलं. २००२ साली नाशिकच्या कारखान्यातून स्कॉर्पिओ आली, १०९ अश्वशक्तीची. डिझेलचे दर ऑक्टोबर २०१४ पर्यंत सरकारच्या मुठीत होते आणि पेट्रोलपेक्षा बरेच कमी, त्यामुळे ज्याला सात-आठ माणसं, आंब्याच्या पेट्या आणि गणपतीची मूर्ती एकाच गाडीतून न्यायची असते त्या कोकणी माणसाने डिझेल घ्यावं यात नवल नव्हतं. बाबांनी तेच केलं. मागच्या काचेवर 'टर्बो' लिहिलेलं होतं, त्यावर कधीही धूळ बसू द्यायचे नाहीत!

पण या किनाऱ्यावर गाडी पाळणं म्हणजे लोणच्याच्या बरणीत खिळा ठेवण्यासारखं आहे. बाहेरून खारी हवा पत्रा आणि नट-बोल्ट खाते. आतून दुसराच शत्रू. डिझेलमध्ये गंधक असतं. ते जळून धुरातल्या पाण्याच्या वाफेशी मिसळलं की गंधकाम्ल तयार होतं आणि थंड नळीच्या आतल्या बाजूला जमतं. लांबचा प्रवास असेल तर नळी तापून कोरडी होते. चौल ते अलिबागसारख्या छोट्या फेऱ्यांत ती कोरडी व्हायच्या आत आपण गाडी बंद करतो. बाबांच्या काळातलं डिझेल तर काय विचारू नका. २००० साली देशभरासाठीची मर्यादा होती दहा लाख भागांत २,५०० भाग गंधक. एप्रिल २०२० पासून बीएस-६ मध्ये ती १० वर आली. बाबांनी पहिल्या दहा वर्षांत तीन सायलेन्सर का बदलले, याचा मला आत्ता उलगडा झाला. तेव्हा ते गॅरेजवाल्याला दोष द्यायचे.

चाचांची तपासणी

एवढं वाचून झालं आणि आईला म्हटलं, "एकदा कुणा जुन्या माणसाला दाखवू." आई म्हणाली, "मग रेवदंड्याच्या चाचांना विचार. तुझे बाबा त्यांच्याकडेच जायचे."

चाचा आता पंचाहत्तरीचे. गॅरेज मुलगा चालवतो, हे बाहेर खुर्ची टाकून बसतात. बोलता बोलता कळलं, की गॅरेज टाकायच्या आधी ते बारा वर्षं मालवाहू बोटींवर इंजिन रूममध्ये तेलवाला म्हणून होते. आमच्या किनाऱ्यावरची किती तरी घरं पिढ्यान् पिढ्या बोटीवर गेलेली, त्यात नवीन काही नाही. पण मला एकदम लख्ख काहीतरी दिसलं. ज्या काळात पुण्या-मुंबईतल्या गाडीवाल्यांनी टर्बो हा शब्द ऐकलेला नव्हता, त्या काळात रेवदंड्याचा हा माणूस माणसाएवढ्या टर्बोची देखभाल करत जगभर फिरत होता!

"त्याला साफ कसं करायचे माहीत आहे?" चाचा म्हणाले. "इंजिन चालू ठेवून अक्रोडाच्या सालींचा भुगा आत मारायचा. काजळी खरवडून निघते. कधी भुगा नसला तर तांदूळ."

"तांदूळ?"

"तांदूळ. चिफ इंजिनियर जपानी असला तरी तांदूळच." (हा विनोद होता हे मला जरा उशिरा कळलं.)

मी वर्कशॉपचं निदान सांगितलं. ते ऐकून घेतलं आणि विचारलं, "टर्बो काढून बघितला त्यांनी? चाक फिरवून, हलवून बघितलं?" नाही. "मग गेला कसा म्हणतात? उद्या सकाळी सहाला येतो. तोपर्यंत गाडी अजिबात चालू करायची नाही. थंड पाहिजे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी जे केलं ते मी माझ्या टीमला प्रशिक्षण म्हणून दाखवावं असं होतं.

पहिलं म्हणजे लक्षणांची यादी करून घेतली. हिस्स असा शिट्टीसारखा आवाज येतो की टिक-टिक? टर्बोकडून इंजिनाकडे हवा नेणारा रबरी पाइप फाटला असेल तरी काळा धूर येतो आणि ताकद जाते, पण आवाज वेगळा, फुसफुस हवेचा. टिक-टिक आणि तीही थंड असतानाच, म्हणजे धुराच्या बाजूची गळती. प्रत्येक सिलिंडरचा धूर ठोक्याठोक्याने येतो, म्हणून आवाज ठोक्याचा. लोखंड तापलं की फुगतं, फट बुजते, आवाज थांबतो. फट पूर्ण बुजत मात्र नाही. आवाज गेला म्हणजे गळती गेली असं नव्हे.

दुसरं, गाडी चालू केली आणि बागेला पाणी घालायच्या नळीचा मीटरभर तुकडा घेतला. एक टोक कानाशी, दुसरं इंजिनाभोवती फिरवायचं. पंख्यापासून आणि पट्ट्यापासून लांब ठेवून. डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारखंच. टर्बोच्या तोंडाशी काही नाही. पहिल्या सिलिंडरशी नाही. चौथ्याशी, म्हणजे सगळ्यात मागे, ड्रायव्हरच्या पुढच्या पत्र्याच्या भिंतीलगत, नळी धरली आणि त्यांनी ती माझ्या कानाला लावली. टक टक टक टक. ताशाच!

तिसरं, इंजिन बंद करून टॉर्च आणि छोटा आरसा. मॅनिफोल्ड, म्हणजे चारही सिलिंडरचा धूर गोळा करून टर्बोला देणारी बिडाची जाड नळी, ती जिथे इंजिनाच्या हेडला बसते तिथे चौथ्या तोंडाभोवती काळा पंखा उमटलेला. काजळीचा. "बोटीवर पहिलं हेच बघायचो," चाचा म्हणाले. तिथे गळती म्हणजे नुसती ताकद जाणं नसतं. तापलेल्या उघड्या नळीवर तेलाचा फवारा उडाला तर आग. म्हणून तर बोटींच्या नियमांत २२० अंशांपेक्षा जास्त तापणारा प्रत्येक पृष्ठभाग झाकायला लागतो.

चौथी चाचणी माझी! घरातला व्हॅक्यूम क्लीनर उलटा लावून सायलेन्सरच्या तोंडातून हवा आत सोडली आणि चाचांच्या मुलाने भांड्याच्या साबणाचं पाणी ब्रशने सांध्यांवर लावलं. (इंजिन थंड असतानाच हं, तापलेल्या बिडावर पाणी पडलं तर तडा जाईल.) चौथ्या तोंडाशी फसफसून बुडबुडे आले. बाकी सगळीकडे शांत. मग टर्बोचा हवेचा पाइप काढून चाक बोटाने फिरवून बघितलं. मोकळं फिरत होतं, दांड्याला खेळ नाममात्र. टर्बो ठणठणीत होता. ज्याला आम्ही बदलायला निघालो होतो तो बिचारा उपाशी होता, एवढंच. चारातल्या एका सिलिंडरचा धूर त्याच्यापर्यंत पुरता पोचतच नव्हता. धूर कमी म्हणून चाकाचा वेग कमी, वेग कमी म्हणून हवा कमी, हवा कमी म्हणून काळा धूर. रोह्याच्या इंजिनासारखाच, फक्त कधी न थांबणारा.

आणि मग चाचांनी सहज विचारलं, "आत बसणाऱ्याला वास येत नाही का हो? ही फट बरोबर हवा आत घ्यायच्या जाळीखाली आहे."

मी काही बोललो नाही. पडवीत आई बसली होती. तीच म्हणाली, "येतो ना. मी वर्षभर तेच सांगतेय."

एकच बग, तीन तक्रारी. आणि त्यातली सगळ्यात महत्त्वाची तक्रार मी 'वय झालं' असा शेरा मारून बंद करून टाकली होती. डिझेलच्या धुरात पेट्रोलपेक्षा कार्बन मोनॉक्साइड कमी असतो हे खरं, पण 'कमी' म्हणजे शून्य नाही, आणि बाकीचे वायू आणि काजळी असतेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकला. मी गाडी चालवताना माझ्या बाजूची काच उघडी ठेवतो. आई धुळीने डोळे चुरचुरतात म्हणून तिची बंद ठेवायची आणि समोरची जाळी स्वतःकडे वळवून घ्यायची. म्हणून त्रास तिला, मला नाही.

दुरुस्ती

मॅनिफोल्ड सोडवताना कळलं की शेवटचा स्टड तुटलेला आहे. नेहमी टोकाचेच तुटतात. अर्धा मीटर लांबीचं बीड ५०० अंशांनी तापलं की पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास लांबतं. मधल्या स्टडना ते जाणवत नाही, टोकाच्यांना रोज दोन्ही बाजूंना ओढलं जातं. पंचवीस वर्षं रोज. वर गंज. एक दिवस तुटतो, मग तिथलं पॅकिंग ढिलं पडतं आणि धूर वाट काढतो.

तुटलेला तुकडा हेडच्या आत. त्यावर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवलं. सकाळी चाचांच्या मुलाने तुकड्यावर एक नट ठेवून वेल्डिंगने जोडला. त्या उष्णतेनेच गंजाची पकड सुटते. निवाल्यावर पाना लावून हळूहळू, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, असं करत तुकडा बाहेर आला. तोपर्यंत कुणी श्वास घेतला नव्हता, कारण तो आत मोडला असता तर हेड काढावं लागलं असतं.

मग मॅनिफोल्डच्या तोंडांवर स्टीलची सरळ पट्टी ठेवली, खाली फीलर गेज. टोकाला ०.३ मिलिमीटरचं पान आरपार गेलं. म्हणजे बीड वाकलेलं. नुसतं नवीन पॅकिंग टाकलं असतं तर दोन महिन्यांत परत तेच. अलिबागला लेथवाल्याकडे फेसिंग करून आणलं. नवीन पॅकिंग, सगळेच स्टड आणि नट नवीन, आट्यांना तांब्याची पेस्ट लावून, म्हणजे पुढच्या वेळी सुटतील. आणि आवळताना मधून बाहेरच्या बाजूला, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने. एकदम एका टोकाकडून आवळत गेलं तर वाकडं बसतं.

सगळा खर्च साडेचार हजार. त्यात चाचांचे काही नव्हते. ते म्हणाले, तुझ्या बाबांनी खूप नारळ दिलेत.

तर मंडळी...

गाडी आता खिंडीत ओढते. पण जुनी डिझेल गाडी चालवणं काही अभिमानाची गोष्ट नाही हे मलाही कळतं. आजची बीएस-६ गाडी तिच्यापेक्षा किती तरी स्वच्छ आहे, आणि २०२९ साली परत पेणला जायची वेळ येईल तेव्हा मी बहुधा तिला निरोप देईन. फक्त तो निरोप नीट विचार करून असेल. कुणीतरी न बघता 'टर्बो गेला' म्हटलं म्हणून नाही.

तुमच्याकडे अशी जुनी गाडी असेल तर एवढंच करा. सकाळी थंड इंजिनाचा आवाज ऐका, मॅनिफोल्डभोवती काजळी शोधा, आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन कधीही चालू ठेवू नका. आणि गाडीत बसणारं कुणी डोकं दुखतं म्हणालं, तर आधी बॉनेट उघडा, मग वय विचारा.

मागच्या शनिवारी आईला अलिबागला घेऊन गेलो. सगळ्या काचा बंद. नागावच्या पुढे बघितलं तर ती झोपली होती. परत येताना म्हणाली, "आज नाही दुखलं." बास, तेवढंच.

चाचांनी सांगितलंय, दोन-तीनदा इंजिन तापून निवलं की नट एकदा तपासायचे आणि पाचशे किलोमीटर झाले की परत एकदा. पहिलं झालं. महिन्याला एकदा चौल-अलिबाग-चौल करत पाचशे व्हायला वर्ष उलटेल असा हिशोब निघतोय. चू.भू.द्या.घ्या.